चालतंय ना, मग काढून टाक! घरातल्या वस्तूंच्या बाबतीत या चुका टाळा

जळगावात माझं रिपेरिंगचं छोटं दुकान आहे, एकवीस वर्षं झाली. मिक्सर, कूलर, कुकर, इस्त्री, पंखे, इन्व्हर्टर, जे येईल ते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट इतक्या वेळा बघितली की आता लिहूनच टाकतो. वस्तूचा जो भाग काढला तरी वस्तू चालते, नेमका तोच भाग लोक आधी काढतात. प्लगची तिसरी पिन कापली तरी कूलर फिरतो, म्हणून कापली. कुकरचा सेफ्टी वॉल्व्ह बंद केला तरी डाळ शिजते, म्हणून केला. आणि गंमत नाही सांगत, ज्या माणसांनी या वस्तू शोधल्या त्यांनी सगळ्यात जास्त डोकं त्याच भागावर घातलेलं असतं. आपण पक्कड घेतो आणि दोन मिनिटांत ते काढून टाकतो.

सुरुवात कूलरपासून करतो कारण आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे कूलरच. भुसावळ-जळगावला पारा 44-45 ला गेला की पंखा नुसती गरम हवा फिरवतो.

सहा-सात वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, यावल तालुक्यातल्या एका गावातले एक आप्पा दुकानात आले होते, लाइटची माळ घ्यायला. जाता जाता म्हणे, "भाऊ, आमना कूलर झटका मारस, पन हवा झकास देस." मी म्हटलं आप्पा तो आजच बंद करा आणि इकडे घेऊन या. ते म्हणाले आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊ द्या, पोरगी माहेरी येणार आहे लेकरं घेऊन, त्यांना गरम व्हायला नको, मग आणतो. मी परत एकदा सांगितलं, चप्पल घालून पाणी भरा तोवर, असं काहीतरी बोललो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलो. ते चप्पलचं वाक्य मला अजून टोचतं. चप्पल हा उपाय नाहीच. तेव्हा मी दुकान बंद करून त्यांच्यासोबत जायला पाहिजे होतं.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला, शेळी मेली. खिडकीत लोखंडी कूलर, कूलरचा पत्रा खिडकीच्या ग्रिलला टेकलेला, आणि त्याच ग्रिलला बाहेरून लोखंडी साखळीने शेळी बांधलेली. रात्रभर कूलरचं पाणी ठिबकून खालची जमीन ओली झाली होती. पहाटे कधीतरी शेळी गेली. ज्या जागी ती शेळी बांधलेली होती तिथेच दिवसा आप्पांची दोन नातवंडं ग्रिलला लटकून खेळायची. मी त्याच दुपारी गाडी काढून गेलो.

काय निघालं ते नीट वाचा कारण तुमच्या घरीही यातलं एखादं असू शकतं. पहिलं, पंपाची वायर टाकीत बुडून बुडून तडकलेली, त्यामुळे पाण्यात करंट आणि पाण्यातून पत्र्यात. दुसरं, एक्स्टेंशन बोर्ड दोन पिनांचा, म्हणून कूलरच्या प्लगची जाड पिन पक्कडीने कापलेली. मला वाटलं सापडलं, नवीन प्लग लावला, भिंतीतल्या थ्री पिन सॉकेटला जोडायच्या आधी टेस्ट लॅम्प लावून बघितला. फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परत नेणारी) यांच्यामध्ये बल्ब लख्ख. फेज आणि अर्थिंगमध्ये लावला तर बल्ब काळाच. म्हणजे सॉकेटला तीन भोकं होती पण तिसऱ्या भोकाच्या मागे काहीच नव्हतं. हिरवी वायर शोधत शोधत मागे न्हाणीपर्यंत गेलो. जुन्या काळी वायरमनने अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपाला बांधून दिली होती, तेव्हा चालून जायचं कारण पाइप जमिनीत खोल गेलेला असायचा. दोन वर्षांपूर्वी तो पाइप गंजला म्हणून पीव्हीसी टाकला. प्लंबरने पाणी बघितलं, वायर कोणी बघितली नाही. पीव्हीसीमधून करंट जमिनीत जातच नाही. अख्ख्या घराची अर्थिंग त्या दिवशी तुटली आणि दोन वर्षं कोणाला कळलं नाही, कारण टीव्ही चालू, फ्रीज चालू, कूलर चालू.

आपल्या जिल्ह्यात तर गल्लोगल्ली पीव्हीसी झालंय. जुनं घर असेल आणि नळाचे पाइप बदलले असतील तर आजच वायरमन बोलावून एवढं एकच काम करून घ्या, अर्थिंग कुठे जाते ते शोधायला लावा.

आता ती तिसरी पिन कशी बनवलीय ते बघा. हातात घेऊन बघा, इतर दोन पिनांपेक्षा लांब आहे आणि जाडही. लांब का, तर प्लग खोचताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडली जावी आणि ओढताना सगळ्यात शेवटी सुटावी. पत्र्यात करंट आलाच तर तो या वाटेने जमिनीत पळतो, जोरात पळतो, आणि त्या जोरामुळे फ्यूज उडतो किंवा एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, पडते. अर्थिंग नसली की करंट वाट बघत बसतो, कोण हात लावतं याची.

आणि "आमच्याकडे एमसीबी आहे" हे मला सांगू नका. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. 16 अँपियरची एमसीबी 16 च्या वर गेल्याशिवाय हलणार नाही, आणि माणसाचा जीव जायला त्याचा छोटासा तुकडा पुरतो. माणसासाठी आरसीसीबी असते, 30 मिलिअँपियरवाली, म्हणजे 0.03 अँपियर. जेवढा करंट गेला तेवढा परत येतोय का हे ती सतत मोजते, फरक पडला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइन तोडते. नवीन घरात लोक पाच-पाच लाखांचं फर्निचर करतात आणि आरसीसीबी नको म्हणतात कारण "ती सारखी पडते". अरे बाबा ती पडते कारण तुझ्या घरात कुठेतरी करंट गळतोय! ती पडली की मला फोन करायचा, तिला बायपास करायचं नाही. बायपास करून द्या म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सरळ परत पाठवतो, वाईट वाटलं तरी चालेल.

अजून एक आपल्या मातीचं. काळी माती मे महिन्यात वाळून हात जाईल एवढ्या भेगा पडतात. अर्थिंगचा खड्डा पण त्याच मातीत असतो. कोरड्या मातीत करंट नीट जात नाही, म्हणजे ज्या महिन्यात कूलर चोवीस तास चालतो त्याच महिन्यात अर्थिंग सगळ्यात कमजोर. माझी सवय सांगतो, आखाजीला घरात घागर भरली की दुसरी बादली उचलून अर्थिंगच्या खड्ड्यात ओततो आणि मग पाऊस पडेपर्यंत दर रविवारी एक बादली. घरातल्या पोरांना पण आता माहीत झालंय, तेच आठवण करून देतात.

आणि पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायचा. नुसता स्विच नाही, प्लग. कितीतरी घरांत स्विच न्यूट्रलवर बसवलेला सापडतो, तिथे स्विच बंद केला तरी आत फेज जिवंत असतो.

कूलरच्या बाकीच्या चुका पटापट सांगतो. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावणारे दर उन्हाळ्यात येतात, "थंडच करत नाही, पंप बदला." पंप ठणठणीत असतो. कूलर म्हणजे एसी नाही, तो पाण्याची वाफ करून हवेतली उष्णता ओढतो, आणि ती ओली हवा बाहेर गेली नाही तर दहा मिनिटांत खोली दमट होते आणि वाफ व्हायचीच थांबते. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवा, खोलीच्या मधोमध नको. कोरड्या हवेत 44 ची हवा चांगल्या पॅडमधून 27-28 ला उतरते, हे आपल्या खान्देशच्या कोरड्या उन्हाळ्याचं नशीब आहे, मुंबईला हे होत नाही. जुलैत ढग आले की आपल्याकडेही होत नाही, तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवा.

टाकीत बर्फ टाकणाऱ्यांना तर मी हात जोडतो. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो त्याच्या साधारण सात पट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना ओढतं. बर्फाचे पैसे वाचवून तेवढ्यात नवीन खसचं गवत भरा, बोअरच्या क्षाराने दगड झालेली गवताची जाळी बदलली की कूलर परत नवा होतो. टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून बुडाला आणि बाजूंना कापडाने घासून काढायची, डेंगूचा डास त्याच साचलेल्या पाण्याच्या काठाला, टाकीच्या भिंतीवर अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्यातून डास उडतो. नुसतं वरून पाणी टाकत राहिलं तर त्याला घर बांधून दिल्यासारखं आहे.

आता कुकर. हा माझा दुसरा जिव्हाळ्याचा विषय आहे.

1679 मध्ये डेनिस पॅपिन नावाच्या फ्रेंच माणसाने लंडनमध्ये राहत असताना वाफेचं बंद भांडं बनवलं, हाडं पण मऊ होतील असं. वाफ कोंडली की भांडं फुटू शकतं हे त्याला कळलं, म्हणून त्याने वर वजन ठेवलेली झडप बसवली, दाब वाढला की झडप उचलणार आणि वाफ बाहेर. म्हणजे जवळपास साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कुकरला सेफ्टी होती. आणि 2011 मध्ये आमच्या मावशीच्या कुकरला नव्हती.

अमळनेरला मावशीकडे पाहुणे होते, वरण-बट्टीचा बेत. पाच लिटरचा वरच्या झाकणाचा कुकर, त्यात तुरीची डाळ गळ्यापर्यंत. बट्ट्या भाजायला मावशी मागच्या अंगणात गोवऱ्यांवर बसलेली. शिट्टी काही होईना. आतून सून म्हणाली अजून शिट्टी नाही झाली, मावशी म्हणाली गॅस मोठा कर. दहा-बारा मिनिटांनी असा आवाज झाला की समोरच्या गल्लीतले लोक धावत आले. झाकण छताला लागून खाली पडलं, स्लॅबचं प्लास्टर टवका निघून आलं, शेगडीचा वरचा पत्रा वाकला, सगळीकडे उकळती डाळ. सून मिठाचा डबा आणायला पलीकडच्या खोलीत गेली होती म्हणून वाचली. एवढंच. दुसरं कुठलंही कारण नव्हतं तिच्या वाचण्याला.

दुसऱ्या दिवशी मी ते झाकण हातात घेतलं. शिट्टीखालची नळी डाळीच्या फोलाने गच्च बुजलेली, आतून सिमेंट भरल्यासारखी. आणि सेफ्टी वॉल्व्हच्या जागी नट-बोल्ट. विचारलं तर मावसभाऊ म्हणाला, "वॉल्व्ह दर महिन्याला उडायचा, कसाले पैसा घालू, म्हणून बोल्ट मारला." दर महिन्याला वॉल्व्ह का उडतो हा प्रश्न वर्षभर कोणी विचारला नाही. तो उडत होता कारण नळी तुंबत होती. वॉल्व्ह बिचारा दर महिन्याला घर वाचवत होता आणि त्यालाच काढलं.

तेव्हापासून मी दुकानात नियम केलाय, कोणी वॉल्व्ह मागायला आलं की आधी झाकण आणायला सांगतो. नळी बघितल्याशिवाय वॉल्व्ह विकत नाही. काही लोक चिडतात, शेजारच्या दुकानात जातात, जाऊ देत.

घरी काय करायचं? झाकण लावायच्या आधी प्रत्येक वेळी, हो प्रत्येक वेळी, नळी उजेडाकडे धरून आरपार बघायची. दिसलं नाही तर सुई घालून मग फुंकायची. डाळ, तांदूळ, हरभरा असं फुगणारं काही असेल तर निम्म्याच्या वर भरायचं नाही, बाकी काही असेल तर दोन तृतीयांश. डाळीत चमचाभर तेल टाकलं की फेस कमी येतो आणि फोल वर चढत नाही. गॅस्केट मी वर्षाला बदलतो, कडक झालं की नाही याची वाट बघत नाही. वॉल्व्ह त्याच कंपनीचा आणि त्याच मॉडेलचा घ्यायचा, कारण त्यातला धातू ठराविक तापमानाला वितळावा असा बनवलेला असतो, दुसरा बसला म्हणजे चालला असं नसतं. आणि शिट्टी झाली नाही तर गॅस मोठा करायचा नाही, बंद करायचा. नवीन लग्न झालेल्या पोरी, बाहेरगावी शिकायला गेलेली पोरं, सगळ्यांना घाई, चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढतात. पाच मिनिटं थांबा हो. पाच मिनिटांत कोणाची गाडी सुटत नाही.

शिट्ट्या मोजणं हीसुद्धा चूकच मानतो मी. आतलं तापमान साधारण 120 डिग्रीच्या आसपास गेलं की वजन उचलतं, त्याच्यानंतर गॅस कितीही मोठा ठेवला तरी ते वाढत नाही, फक्त वाफ आणि गॅस वाया जातो. पहिली शिट्टी झाली की बारीक करायचा आणि घड्याळ बघायचं. आमच्या घरी गॅसची टाकी यामुळे आठवडाभर तरी जास्त जाते.

मिक्सर. आपल्याकडे काळा मसाला घरी करायचा असतो, भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, आणि तो गरम गरमच भांड्यात घालून मिक्सर सलग चालवायचा, मग तो बंद पडला की दुकानात. निम्म्या वेळा मी फक्त मिक्सर उलटा करून खालचं लाल बटण दाबून परत देतो, पैसे घेत नाही. ते ओव्हरलोडचं बटण आहे, मोटर तापली की स्वतः बाहेर येतं. उरलेल्या निम्म्यांमध्ये कोणीतरी ते बटण दोरीने किंवा टेपने दाबून ठेवलेलं असतं आणि मोटर जळलेली असते. मसाला थंड होऊ द्या, भांडं अर्धं भरा, अर्धा मिनिट चालवा आणि थांबा. आधी वाटणाला तासन्‌तास पाटा-वरवंटा लागायचा, आता दोन मिनिटं जास्त थांबायला काय होतं.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत बोअरचं पाणी टाकणारे अजून आहेत, माझा विश्वास बसत नाही पण आहेत. आपल्या बोअरचं पाणी तांब्याला पांढरा थर धरतं, तेच बॅटरीच्या प्लेटांना धरणार. डिस्टिल्ड वॉटरच, आणि फ्लोटच्या खुणेपर्यंतच, वर ओतून वाहून गेलं तर ॲसिड पण वाहून जातं. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नाही.

पंखा हळू फिरतो म्हणून नवीन पंखा घेऊ नका, बहुतेक वेळा कंडेन्सर गेलेला असतो, 2.5 मायक्रोफॅरॅडचा, चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. नॉनस्टिक तवा रिकामा मोठ्या गॅसवर तापवायचा नाही. माठाला बाहेरून ऑइलपेंट लावायचा नाही, तो पाझरतो म्हणूनच गार करतो. टेफ्लॉन टेप आट्यांच्या दिशेनेच गुंडाळा, उलटी गुंडाळली तर नळ घट्ट करताना सुटून येते. पाण्याच्या हीटर रॉडला आधी पाण्यात घालायचं मग चालू करायचं, आधी बंद करून प्लग काढायचा मग बाहेर, आणि पाणी गरम झालं का ते बोट बुडवून बघायचं नाही, कधीच नाही.

गॅसचा वास आला तर लाइटर, स्विच, एक्झॉस्ट फॅन, काहीच हाताळायचं नाही, बंद असलेलं चालू नको आणि चालू असलेलं बंद पण नको, स्विचच्या ठिणगीचा धोका दोन्हीकडे. हा सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली फरशीवर साचतो, त्यामुळे वरची खिडकी उघडून समाधान मानू नका, दार उघडा. रेग्युलेटर बंद, सगळे बाहेर, आणि बाहेर जाऊन 1906 ला फोन. आणि ती नारिंगी सुरक्षा ट्यूब पाच वर्षांनी बदलायची असते, वर वर्ष छापलेलं असतं. फाटली नाही म्हणून ठेवलीय, हे मला रोज ऐकायला मिळतं.

शेवटी एक बिनपैशाचं. मे महिन्यात लोक पंधरा दिवस गावाला जातात, परत आले की बाथरूममध्ये वास, झुरळं, आणि मग ॲसिडच्या बाटल्या ओततात. ॲसिडने फरशी जाते, वास जात नाही. जाळीखाली जो वाकडा पाइप किंवा वाटी असते त्यात थोडं पाणी कायम उभं असतं, तेच पाणी गटारीची हवा अडवतं. 1775 मध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या घड्याळजीने हा वाकडा पाइप पेटंट केला, नुसतं पाणीच झाकण म्हणून वापरायचं, न झिजणारं, न गंजणारं. पण आपल्या उन्हात ते आठ-पंधरा दिवसांत सुकतं आणि झाकण उघडं पडतं. घरी आल्यावर तांब्याभर पाणी ओता, संपलं. आणि घर बंद करून जाताना प्रत्येक जाळीत पाणी टाकून वर दोन चमचे खायचं तेल सोडा, तेल वर तरंगतं आणि पाणी उडत नाही. काही लोक तर जाळीतली ती वाटीच काढून फेकतात, पाणी पटकन जातं म्हणून. ती वाटी तुमच्याकडेही काढलेली असेल तर हार्डवेअरच्या दुकानात जाळीचं माप सांगा, सुटी मिळते.

यावलचे आप्पा अजून येतात दुकानात. त्यांनी घराला नवीन अर्थिंग करून घेतली, आरसीसीबी बसवली, कूलर फायबरचा घेतला. मागच्या आखाजीला पोरगी आणि नातवंडं आली होती तर मला फोन करून म्हणाले, "भाऊ, आज खड्डामा पानी टाकं." मी म्हटलं आप्पा मी पण आत्ताच टाकलं.